रव्याच्या डब्यावरचं नाव

अंजूर, रविवार

प्रिय विद्युल्लता,

आधी माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद घे. मी दोन पुस्तकं मागवली. मोबाइल म्हणाला, पार्सल अंजूरच्या गोदामात पोचलं. ते गोदाम आमच्या गच्चीवरून दिसतं. टॉवेल वाळत घालताना मी रोज पाहतो. चालत गेलो, तर वॉचमन म्हणाला, चाचा, सिस्टम में नहीं है. दुसऱ्या दिवशी पार्सल इंदूरला निघालं आणि नवव्या दिवशी हवापालट करून माझ्या दारात आलं.

पुस्तकं म्हणजे आपली ती जुनी फ्रेंच कादंबरी, समुद्रतळाशी लोखंडी गाव वसवणाऱ्या कप्तानाची. दोन वेगळी इंग्रजी भाषांतरं. तिसरं आपल्या वाचनालयाचं, ते रद्दीत निघालं तेव्हा मी उचललं होतं. तिन्हींची तुलना करून एका दिवाळी अंकात टवाळी करायची होती. अदिती म्हणते, एकच गोष्ट तीनदा घरात आणणारा नवरा आपण डोळे उघडे ठेवून केला, आता बोलायची सोय नाही. वाचनालयातल्या भाषांतरकाराचं गणिताशी वाकडं असावं. आकडे आले की तो ते गाळून कप्तानाला जेवायला बसवतो. दुसऱ्याचा कप्तान गुदमरतानाही दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा अदबीनं बोलतो. तिसऱ्यानं एक मासा गाळलेला नाही. वाचताना घरात वास येतो.

पण इंदूर पाहून आलेल्या दोन्ही प्रतींत बाविसावं प्रकरण आहे. हवा संपत येते आणि कप्तान आपली शेवटची नळी स्वयंपाक्याच्या हातात देतो. दोन भाषांतरकार, मध्ये शंभर वर्षं. दोघेही तुझ्या मामाला सामील असतील असं वाटत नाही.

वाचनालयाच्या कथाकथन स्पर्धेत तू हेच प्रकरण सांगितलंस, तेव्हा पंखेसुद्धा ऐकत होते. मी हरत होतो, म्हणून उठलो, वाचनालयाची प्रत उंचावली आणि पान नंबर विचारला. त्यात ते नव्हतंच. तू म्हणालीस, मामाकडच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी मामांनाच उभं करा. सगळे हसले. एका पुस्तकाची दोन भाषांतरं निराळी असू शकतात, हे त्या खोलीत एकालाही सुचलं नाही, परीक्षक इंग्रजीचे प्राध्यापक धरून. तू खोटी ठरलीस. धामणकर नाक्यापर्यंत रोज माझ्या शेजारी बसायचीस, त्या दिवशी रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ बसलीस. वाचनालयात परत आली नाहीस. तुला हरणं सोसलं नाही, असं मी तीस वर्षं लोकांना सांगितलं. मला जिंकणं सोसलं नव्हतं, ते नाही सांगितलं.

बक्षीस होतं स्टीलचा डबा, वर कोरलेलं ‘प्रथम क्रमांक, आल्हाद’. त्यात आमचा रवा असायचा. काल तो रिकामा करून नाक्यावरच्या भांडीवाल्याकडे नेला. म्हटलं, हे नाव खोडून दुसरं घाल. तो म्हणाला, स्टीलवरचं खोडता येत न्हाय, खाली घालतो. माझ्या नावावर त्यानं एक आडवी रेघ मात्र मारून दिली. तुझं नाव कोरता कोरता दमला बिचारा, म्हणाला, एवढं लांब नाव, आहेर हाय का कुनाचा? डबा या पत्राबरोबर पोचेल, बहुधा इंदूरमार्गे. भांडीवाल्याला मी सांगितलं, आहेर नाही, त्यांचाच आहे. माझ्याकडे राहिला होता.

तुझाच, क्रमांक दोन,
आल्हाद