शेडनेटमधली आठवी

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठवीच्या मुलींचे बाक आज पुन्हा रिकामे. धडा व्यापाराचा. फळ्यावर लिहिलं — साधनसंपत्ती. मागून कल्याण म्हणतो, "बाई, आपली साधनसंपत्ती शेडनेटमधी गेली." वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीखालचं शेत, अंगदरावांचं. बियाणे कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करतात. संध्याकाळी कळीतला नर भाग चिमट्यानं काढायचा, सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, खुणेला दोरा बांधायचा. बारीक बोटं लागतात म्हणून पोरी. मोठ्या बायांच्या हातानं कळी मोडते म्हणे! आणि सकाळ म्हणजे नेमकी शाळेची वेळ. हेच अंगदराव आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. सव्वीस जानेवारीला मुलींच्या शिक्षणावर भाषण ठोकतात, अन आम्ही टाळ्या वाजवतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तृप्तीच्या घरी गेले. शिष्यवृत्तीला हमखास लागणारी पोरगी. लागली तर बारावीपर्यंत खर्चाची काळजी नाही, कुणी शाळा सोडवू शकणार नाही. परीक्षा महिन्यावर आली, अन ही आठवडाभर शेडनेटमध्ये.

तिची आई कांताबाई म्हणाली, "बाई, दोन महिन्याचं तर काम हाय. पोरीच्या हाताला गुण हाय. अंगदराव तिलाच पहिली बोलावून राह्यलेत." कौतुकानं सांगत होती! परीक्षेचं काय म्हटलं, तर "देईल की. हुशार हाय ती." हुशार आहे म्हणून अभ्यास नको, हे कुठलं शास्त्र? चहा न घेताच उठले.

२० नोव्हेंबर

मुख्याध्यापक भागवत सरांना म्हटलं, तक्रार करू. "मॅडम, इतकी जल्दी कशाला? गावात राहायचंय आपल्याला." मला तर बिलकुल राहायचं नाही असल्या गावात.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेडनेटमध्ये औषध फवारलंय, म्हणून आज सगळ्या पोरी शाळेत. तृप्तीसुद्धा. मंग मी पुस्तक मिटलं. म्हटलं, आज तुमचाच व्यापार शिकू.

फळ्यावर साखळी काढली — पोरी, अंगदराव, कंपनी, दुकान, शेतकरी. विचारलं, यातलं कोण नसलं तर बी तयारच होणार नाही? तृप्ती हळूच म्हणाली, "आमी."

बराबर. म्हटलं, जे कमी असतं त्याला भाव असतो. असे हात गावात थोडेच आहेत, तरी साखळीत सगळ्यात कमी तुमच्याच वाट्याला. शिवाय फूल थांबत नाही. एक सकाळ हुकली की ते वाया. मंग जोर कुणाचा? विकास म्हणजे एकट्या अंगदरावांच्या बंगल्यावर मजला चढणं नव्हे!

जास्तच बोलले बहुतेक. पण तृप्ती लिहायचं सोडून फळ्याकडं बघत राहिली. बरं वाटलं. पोरगी एकदा चिडली की त्या जाळीतून बाहेर येईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गावभर चर्चा. सकाळी पोरी शेडनेटच्या दारात बसून राह्यल्या, आत जाईनात. तृप्ती सगळ्यांच्या पुढं. अंगदरावांचा मला फोन — "बाई, काय शिकवून राह्यल्या तुम्ही पोरींना?" म्हटलं, अभ्यासक्रमातलंच. वर सुनावलं, तेरा वर्षांच्या लेकरांना कामाला लावता, लाज न्हाई वाटत? फोन मीच आधी ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धडा वर्गाबाहेर गेला.

२८ नोव्हेंबर

जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. सोमवारपासून तृप्तीचा गणिताचा जादा तास. भागवत सरांना काय वाटायचं ते वाटू दे.

१ डिसेंबर, सोमवार

अंगदराव नमले. मजुरी दुप्पट केली. कांताबाई शाळेच्या फाटकात पेढे घेऊन उभी होती. "बाई, तुमच्या शिकवण्यानं पोरीच्या हाताला भाव आला. परीक्षा ऱ्हाऊ द्या आता. तृप्तीच म्हणली."

आठवीत आज एकही मुलगी नाही. सातवीतल्याही गेल्या.