उठा म्हणेपर्यंत

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ऑपरेशनचा विषय काढला की तू गिअर बदलावा तसा विषय बदलतोस आणि मग आपण उगाच हवापाण्याबद्दल बोलत बसतो. म्हणून लिहिते आहे. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. आधी माझ्या वर्गातली गंमत ऐक, तुझ्या हृदयाच्या झडपेकडे मी येतेच.

सध्या तिसरीला आज्ञार्थी वाक्यं शिकवते आहे. दार लाव, पाणी आण, गप्प बस. फळ्यावर एवढं लिहिलं तोच पहिल्या बाकावरचा दातपडक्या म्हणाला की बाई, हे तर आमच्या घरी रोजच असतं. खरंच होतं त्याचं. पोरांना दिवसभर हुकूम ऐकावे लागतात, सोडायला कधी मिळत नाहीत. म्हणून मी माझी खुर्चीच त्यांना देऊन टाकली. एकेकानं येऊन बसायचं, एक आज्ञा करायची आणि ती सगळ्यांनी पाळायची, बाईंनीसुद्धा. नियम दोनच. हुकूम सोडणाऱ्यानं स्वतःही तेच करायचं आणि त्यानं पुरे म्हटल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. मी या वयात बेडकासारख्या उड्या मारल्या, एका पायावर उभी राहिले. हेडबाई दारातून डोकावून गेल्या. बोलल्या त्या फक्त त्यांच्या भुवया.

मग आमचा रेडिओ आला. ही आमच्या वर्गातली एक मुलगी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो म्हणून हे नाव. खुर्चीत बसून तिनं पाय हलवले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, झोपा. टळटळीत दुपार होती. पंखा कुरकुरत होता, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत खडूची धूळ सावकाश तरंगत होती. पोरांनी बाकांवर माना टाकल्या. मीही मागच्या बाकावर बसून हातांवर डोकं टेकलं. थोडी खुसखुस झाली, मग तीही विरली.

आणि दादा, माझा खरोखरच डोळा लागला. बाकाच्या लाकडाला आपल्या जुन्या पलंगासारखा वास होता. आई पहाटेच कामावर गेली होती आणि तू मला उठवत होतास. ऊठ. तोंड धू. बूट घाल. मागे बघू नकोस, पेडल मार. तुझे शब्द एकामागून एक येत होते आणि मी त्यांच्यावरून तरंगत चालले होते, कुठे जायचंय ते मला माहीत नव्हतं आणि त्याची काळजीही नव्हती. ही पोरगी नाही, डुलकी आहे, असं तू म्हणायचास. पण मी बिनधास्त झोपायचे ते तू उठवशील म्हणूनच रे.

घंटा झाली तरी वर्ग हलेना. मी मान वर केली. पोरं एक डोळा किलकिला करून खुर्चीकडे बघत होती, पण उठायला कुणी तयार नाही, कारण रेडिओनं उठा म्हटलंच नव्हतं. ती म्हणणार तरी कशी? नियमाप्रमाणे तीही झोपली होती आणि चांगली गाढ, तोंड उघडं टाकून. आली का पंचाईत? शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली. शेवटी मीच नियम मोडला, चवड्यांवर चालत गेले, तिच्या केसांवर हात ठेवला आणि म्हटलं, ऊठ बाळ. तिनं डोळे चोळले आणि जराही न ओशाळता सगळ्यांना हुकूम सोडला, उठा. नंतर मी विचारलं, कुणीच उठवलं नसतं तर गं? काय हा प्रश्न, अशा चेहऱ्यानं ती म्हणाली, बाई, तुम्ही होतात की.

वहिनी सांगत होती, तू दोनदा तारीख पुढे ढकललीस. चिरफाडीची तुला भीती नाही, भुलीची आहे. झोपवतील सगळे, उठवणार कोण, असं हसत हसत म्हणालास म्हणे. वहिनीला हसू आलं नाही, मलाही नाही. डॉक्टर म्हणतात, आता थांबून चालणार नाही. अरे, इतकी वर्षं तू रात्रीची बस चालवलीस. मागे गाडीभर माणसं घोरत असायची आणि गाव आलं की तू दिवे लावून त्यांना उठवायचास. त्यांच्यातल्या एकानं तरी तुला हा प्रश्न विचारला का? गुरुवारची तारीख वहिनीनं आणि मी मिळून घेतली आहे, तुला न विचारता. मी रजा टाकली आहे, बुधवारी संध्याकाळी पोचते. शुद्धीवर येताना घरच्या एका माणसाला जवळ थांबू देतात, ते माणूस मी असेन. नियमाप्रमाणे मीही झोपायला हवं, पण हा नियम मी पुन्हा मोडणार आहे. मोठ्या भावाला हुकूम सोडायची माझी ही पहिलीच वेळ. गुरुवारी निमूट झोप, दादा. आणि मी ऊठ म्हटलं की ऊठ.

तुझीच,
डुलकी