एका ओळीत दोन लग्नं

३ मार्च, सोम.

आईला सांगितलं, माझी लायब्ररी पूर्ण झाली. म्हणाली, "आणि पुस्तकं कुठं ठेवणार हाईस?"

समजावलं. तारखांचं काम करणारा छोटा कोड आहे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अशा पट्ट्या. दोन पट्ट्या एकमेकींवर येतात का, मधे रिकामे दिवस किती, सलग असतील तर जोडून एक करायच्या. कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये फुकट वापरता येईल. ती म्हणाली, "भिंतीवर कॅलेंडर हाय की."

नाव ठेवलं तारीखपट्टी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं त्याला दीड वर्ष झालं. सरांशी भांडून वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही. तेव्हापासून पूर्ण केलेली ही पहिली गोष्ट.

मैत्रीण आहे प्रणाली, तिला लिंक पाठवली. (इथून पुढं नुसतं प्र. लिहीन. वही आईच्या हाती लागते. आता एकदा लिहिलंच म्हणा.)

५ मार्च, बुध.

प्र. कसबा बावड्यातल्या लग्नाच्या कार्यालयात बुकिंग बघते. कार्यालय तिच्या मामांचं, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तिनं त्यांना सांगून मला बोलावून घेतलं. जाडजूड रजिस्टर, पानापानावर खाडाखोड. अण्णा म्हणाले, "पावणं, हे तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसतंय का बघा."

पावणं म्हणाले! सगळ्यांनाच म्हणतात, माहीत आहे. तरी.

प्र.नं चहा केला. साखर विसरली. दोन कप प्यालो.

८ मार्च, शनि.

अख्खं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवलं. निम्म्या नोंदी पेन्सिलीतल्या, एकीच्या अंगावर दुसरी. इतका घाण डेटा लोक ठेवतात तरी कसा! प्र. पेन्सिलीबद्दल काहीतरी सांगत होती. म्हटलं, कॉम्प्युटरला पेन्सिल कळत न्हाई, तू बस निवांत, मी बघतो. जोडणीचं फंक्शन फिरवलं आणि सगळं स्वच्छ. एकाखाली एक ओळी.

अण्णा खूश. "पोरगं कामाचं हाय की गं," असं तिला म्हणाले. माझ्यादेखत. मंगळवार पेठेत घरी पोचेपर्यंत गाडीवर गात होतो. सिग्नलला एकानं वळून बघितलं. बघू दे.

१६ मार्च, रवि.

वाईट दिवस.

बावड्यातलेच कांबळे काका, शिरोलीला फाउंड्रीत असतात. मुलीच्या लग्नासाठी १७–१८ मे धरून ठेवली होती. आज पक्कं करायला आले तर स्क्रीनवर नावच नाही. १६ ते १८ सरळ पाटलांचं. अण्णा म्हणाले, "तुमची नोंदच न्हाय." मग सगळ्यांसमोर प्र.वर ओरडले. काका उठून गेले.

तिनं मला फोन केला. रडत नव्हती, आवाज मात्र बारीक झालेला. आणि मी काय बोललो? "घोळ तुझ्या रजिस्टरातच असंल. माझा कोड बरोबर हाय. नीट लिवायला शीक आधी." मोठ्यानं. आई आतून बाहेर आली इतक्या मोठ्यानं.

ती म्हणाली, "बरं." ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोम.

सकाळी जुन्या पानांचे फोटो काढून ताडून बघितलं. १६–१७ पाटील. १७–१८ कांबळे. पाटलांचं लग्न सतराला दुपारी, चारला हॉल रिकामा. कांबळ्यांची हळद सतराला संध्याकाळी. एका दिवसात दोन घरं, तिथं नेहमीचं आहे. माझ्या फंक्शननं काय बघितलं? सतराला सतरा लागलाय. सलग आहे. जोडा. नाव पहिल्याचं राहिलं, दुसऱ्याचं गेलं.

टेस्ट सगळ्या पास होत्या. मीच लिहिलेल्या. तारखा बरोबर आल्या का ते बघणाऱ्या. माणसं कुणाची ते बघणारी एकही नाही.

कार्यालयात गेलतो. प्र. आलीच नव्हती. अण्णांना सगळं सांगितलं. म्हणाले, "पेन्सिल म्हंजी आपला शब्द दिलाय. साखरपुडा झाला की पेन. त्यांनी येऊन सांगितल्याबिगर खोडायचं न्हाय, हे माझ्या बापापासून हाय. पोरीनं तुला सांगितलं न्हवतं?"

सांगत होती.

"आणि मी तिलाच बोललो," अण्णा म्हणाले. "आता कांबळ्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

म्हटलं, मी जातो.

१८ मार्च, मंगळ.

गेलो. काकू दारात. "कोण पायजे?"

"मी तो कॉम्प्युटरवाला."

"या की मग. तुमचीच वाट बघत हुतो." टोमणा होता. पाणी मात्र लगेच आणलं.

काकांची दुपारची पाळी होती, डबा भरून ठेवलेला. म्हणाले, "आमी मुहूर्त बघत न्हाय, रविवार बघतो. पावण्यांना सुट्टी असती. दुसरा हॉल मिळंल. पण कांबळ्यांचं खोडून पाटलांचं लावलं, ह्याचा अर्थ आमी काय लावायचा? तूच सांग."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या डोक्यात दोन पट्ट्या होत्या. कान तापले. नेहमी रागानं तापतात, आज तसं नव्हतं.

जुन्या पानाचा फोटो दाखवला, त्यांचं नाव, प्र.चं अक्षर. कसं जोडलं गेलं ते सांगितलं. अठरा तारीख अजून रिकामीच आहे म्हटलं, चूक माझी एकट्याची. फोटो त्यांनी दोनदा बघितला. मग: "दोन ओतीव तुकडं एकमेकाला चिकटलं तर आमी लोखंडाला शिव्या देत न्हाय. साचा कुणी केला ते बघतो."

"साचा माझा."

"मग नीट कर. आणि त्या पोरीला जाऊन सांग, तिचं काय चुकलं न्हाय. तूच सांगायचं. मी न्हाय."

येतील की नाही ते बोलले नाहीत.

२० मार्च, गुरु.

कामाला जातो त्या दुकानाला दोन दिवस दांडी. आता नाव एकच असेल तरच पट्ट्या जुळतात. एकमेकींवर आल्या तरी कुणी कुणाला खात नाही. पेन्सिल आणि पेन, दोन्ही ठेवलेत.

सकाळी अकराला काका-काकू आले! अण्णा खुर्चीवरून उठले, हात जोडले. "चुकलं आमचं." काका म्हणाले, "बसा ओ, लग्न हाय, मयत न्हाय." सगळे हसले. नोंद प्र.नंच केली. १७–१८, पेननं.

मग मी बोललो, सगळ्यांसमोरच. चूक माझी होती आणि वर तुझ्यावर ओरडलो. ती रजिस्टरातून वर न बघता म्हणाली, "ओरडलास ते नंतरचं. आधी ऐकलं न्हाईस."

बरोबर आहे.

२३ मार्च, रवि.

प्र.नं वहीची दोन पानं भरून दिली. कार्यालयात काय काय होऊ शकतं त्याची यादी. सकाळी बारसं, संध्याकाळी हळद. लग्न मोडलं पण हॉल ठेवला, धाकट्यासाठी. दोन भावांची लग्नं, नाव एकच, तरी जोडायची नाहीत. (हे माझ्या नव्या कोडमध्येही चुकतंय!) "हे सगळं तपासायचं," म्हणाली. "न्हाय कळलं तर विचारायचं."

विचारलं. यादीतलं नव्हे, आमच्या दोघांचं. चहाचे कप उचलताना, अवेळी, वेड्यासारखं.

ती थांबली. न्हाय म्हणाली नाही. "लगेच न्हाय सांगणार. तुझा राग बघू दे जरा." किती दिवस, हे जिभेवर आलं होतं. गिळलं.

२६ मार्च, बुध.

कुणा अनोळखी माणसानं तारीखपट्टी वापरायला घेतलीय! कुठला, काय, माहीत नाही. लिहितो: माणूस नोकरीला लागल्याची तारीख आहे, सोडल्याची अजून नाही. पट्टीचा शेवट रिकामा ठेवता येतो का?

येत नाही. माझ्या कोडमध्ये शेवटची तारीख दिल्याशिवाय पट्टी सुरूच होत नाही. कोड लिहिणारा मीही तसाच की.

त्याला लिहिलं, करतो. सकाळपासून बसलोय. वाटलं त्याहून अवघड आहे. किती दिवस, असं विचारलं तर कोडनं काय सांगायचं? शून्य चूक. मोठा आकडाही चूक. माहीत नाही, हेच बरोबर उत्तर, आणि ते न चिडता सांगता आलं पाहिजे.

पहिली टेस्ट लिहिली. नापास. आई जेवायला हाक मारतेय. जेवून परत बसतो.