डब्याच्या चित्रामागचं नाव

३ फेब्रुवारी

संघातल्या जानकीबाईंनी आज साइटवरचं, रेकॉर्डिंग पुसायच्या बटनाचं चित्र बघितलं अन् विचारलं, "ह्या डब्यात जपून ठेवायचं व्हय?" कचऱ्याचा डबा तो! त्यांना वाटली ज्वारीची कोठी. रामप्रसाद हसत सुटला. मला न्हाई आलं हसू. आमच्या रेडिओ श्रोता संघात बहुतेक साठीच्या पुढचे. छंद एकच — जुनी रेकॉर्डिंगं जमवायची. अन् मी अन् रामप्रसादनं साइट बनवली ती नुसत्या चित्रांची!

रामप्रसाद म्हणे, "मंगलताई, अक्षरं टाकली की घाण दिसतंय." दिसू दे की!

९ फेब्रुवारी

चित्रं मोठी केली. जाड रेघा, खाली शब्द. पण नांदूरघाटच्या उत्तरेश्वरकाकांना दिसतच न्हाई. त्यांचा फोन चित्रामागं लिहिलेलं नाव बोलून दाखवतो. आम्ही तिथं काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून नुसतं "बटन, बटन, बटन". काका म्हणाले, "पोरी, आंधळ्याला जत्रंत सोडल्यागत हाय बग." लई लाज वाटली.

ठरलं — चित्रं रामप्रसादची, मागची नावं माझी.

१२ फेब्रुवारी

कडा गावाला मावशीकडं जायचंय, दुपारची एसटी. सगळी नावं भराभर लिहून टाकली. सुटले!

१६ फेब्रुवारी

काकांनी सारजाकाकूंची कॅसेट साइटवर चढवली. काकू जाऊन सहा वर्षं झाली. फर्माईशीचं पत्र वाचतायत, अन् मधीच काकांवर खेकसतात — "बंद करा की ते टेप!" मी चारदा ऐकलं. चढवता चढवता कॅसेट तुटली. काका म्हणाले, "तुटू दे. आता तुमच्याकडं हाय की."

१७ फेब्रुवारी

गेलं. काकूंचा आवाज साइटवर न्हाई, कुठंच न्हाई, परत येणारही न्हाई. काका फोनवर रडत होते. "ऐकून झाल्यावर नीट ऱ्हावं म्हणून मी 'जपून ठेवा'च दाबलं गं. फोन तसंच बोलला."

रामप्रसादनं परवाच चित्रांच्या जागा हलवल्यात — मला न विचारता, छान दिसावं म्हणून! चित्र एकीकडं गेलं, नाव दुसऱ्याचंच राहिलं असणार. दुपारी फोन करून जाब विचारला. मग म्हणे, "माझ्याच हातनं झालं असंल, ताई."

असंल?! तीन वर्षं राखी बांधली ह्याला. केसानं गळा कापला मेल्यानं!

१८ फेब्रुवारी

ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं — दिसण्यापायी ह्यानं काकांचा घात केला. अन् त्याला काढून टाकलं. काकांनीही फोनवर शिव्या घातल्या म्हणे. त्यानं निमूट ऐकून घेतल्या. कोडगा!

२० फेब्रुवारी

त्याचा फोन न्हाई. मीही करणार न्हाई.

२२ फेब्रुवारी

साइटवर कोणी कधी काय बदललं त्याची नोंद असते. आज उघडली — काकांना पुरावा द्यायला.

डब्याच्या चित्रामागं "जपून ठेवा". १२ फेब्रुवारी. नाव माझं. शेजारच्या चित्राची ओळ उचलून चिकटवली, अन् बदलायची राहिली.

त्याखाली १७ तारखेची नोंद. "पुसून टाका" असं दुरुस्त केलंय. नाव रामप्रसादचं. वेळ — मी त्याला फोन केला त्याच्या तासभर आधीची.