सोवळ्यातली चूल

आई, काल चाचीची नात आली होती. आपल्या गावात भिंतीला भिंत लावून राहायची ती चाची. ही पोरगी शहागंजात राहते, शाळेत शिकवते. ती जे बोलली त्यानं माझी झोपच उडाली, म्हणून लिहायला बसले.

पोलिस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या धास्तीनं आपण कडी लावून बसायचो. लष्कर आलं अन् तीच भीती भिंतीपलीकडं चाचीच्या घरात गेली. चाचा बाजाराला गेले ते परत आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी चाची मागच्या दारानं आली, आणि जिला तू कधी ओसरीच्या पुढं येऊ दिलं नाहीस, तिला थेट चुलीमागं नेऊन बसवलंस. मी हबकलेच. तू ओल्या लुगड्यानं उंबऱ्यात उभी. कुऱ्हाडी घेऊन आपल्याच गावची माणसं येतात. एकजण विचारतो, "वहिनी, ती इकडं आली का?" तू म्हणतेस, "मी सोवळ्यात आहे. नैवेद्य व्हायचाय. आत पाऊल टाकलंस तर विटाळाचं पाप तुझ्या माथी." आणि आई, ती माणसं चपला काढतात, हात जोडतात, मागं सरकतात. जीव घ्यायला निघालेली माणसं विटाळाला भ्याली.

ते गेले. चाचीला बाहेर काढलंस अन् लगेच शेण कालवायला बसलीस. चाची म्हणाली, "लाओ बाई, मैं सारव देती." तू म्हणालीस, "नको, तू शिवू नकोस." ती ओसरीवर जाऊन बसली. मला तुझी इतकी चीड आली होती की त्या दिवशी मी जेवले नाही.

काल नात म्हणाली, "दादी शेवटपर्यंत तुमच्या आईसाठी दुआ मागायची." मी विचारलं, "सारवणाचं सांगितलं का तिनं कधी?" "लई वेळा. हसायची अन् म्हणायची, त्या बाईनं माझ्यापायी तिचा देव बाटवून घेतला, मग सारवणारच की."

तुझ्या पाया पडावं की तुझ्याशी भांडावं, मला कळेना झालंय. मी स्वतःला सुधारलेली म्हणवते, चारचौघींना सुनावते. काल त्या पोरीला स्वयंपाकघरात ओट्याशी बसवून चहा दिला, हातानं शंकरपाळे वाढले. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते. सकाळी भांडी घासायला घेतली तर तिचा कप बाकीच्यांत नव्हता. खिडकीत, वेगळा ठेवलेला होता. घरात मी एकटीच असते. कधी ठेवला, मला आठवतसुद्धा नाही.