लाईट गेली तेव्हाचा भाग

३ मार्च, सोम.
शीतल सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. लेक चार दिवस आली की घर भरतं आणि गेली की भांडीसुद्धा गप्प होतात. जाताना टीव्हीच्या मागे एक काडी खोचून गेलीय. म्हणे आता सगळ्या मालिका त्यात आहेत, जुन्यासुद्धा, पहिल्या भागापासून. जुना बॉक्स गेल्या महिन्यातच मेला. त्याच्यावर रेकॉर्ड केलेले तीन पेन ड्राइव्ह दुसऱ्या कशावरच चालत नाहीत. ज्या बॉक्सवर भरलं त्याच बॉक्सवर दिसणार, असा त्यांचा हट्ट. "आई, फेकून दे ते," शीतल म्हणाली. मी शिवणाच्या डब्यात टाकून ठेवले, बॉबिनच्या शेजारी. लेकीचं सगळंच ऐकायचं नसतं.

आत्याबाईंना विचारलं, काय लावू? चार वर्षांपूर्वी डोळे गेले, तरी ही माझी सासू कानाने मालिका बघते, आणि माझ्यापेक्षा नीट बघते. म्हणाल्या, "आपली ती जुनी लाव. राधाक्काची. तू बटन दाबाया लागलीस तितून."
म्हणजे भाग १०१. दुपारी दोनला बसायचं, रोज चार भाग. ठरलं.
जेवायला हाक मारली, "आत्याबाई." नेहमीचंच उत्तर : "जिती हाय गं."

५ मार्च, बुध.
रेकॉर्डिंगची वही सापडली, अस्तराच्या कापडांखाली. किती वर्षांनी बघितली.
मालिका साडेसातला लागायची. मी भाकरीला, आत्याबाई म्हशीच्या धारेला. म्हणून टायमर लावायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचं. पण मध्येच लाईट गेली की रेकॉर्डिंग तुटायचं. आली की पिठाच्या हाताने पळत जाऊन परत लाल बटण. सकाळी तोच भाग पुन्हा दाखवायचे, तेव्हा आमच्या पाटोद्यात भारनियमन. म्हणजे मधला तुकडा घरात कुणीच पाहिलेला नसायचा. वहीत त्याची खूण आहे : ला.गे. ७.४१ ते ७.५३. असं.

आत्याबाई विचारायच्याच, "मधी काय झालं?" माहीत नाही म्हटलं की तोंड एवढंसं व्हायचं. मग मी ठोकून द्यायचे. सांगायचे, शेजारणीकडून कळलं, तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. शेजारणीकडे साधी बॅटरी नव्हती. आणि एकदा खोटं बोललं की ध्यानात ठेवावं लागतं, म्हणून प्रत्येक ला.गे.च्या पुढे मी काय सांगितलं ते लिहून ठेवलंय. वाचून एकटीच हसले.

७ मार्च, शुक्र.
भाग ११८. वहीत : ला.गे. ७.४४ ते ७.५१. सांगितलं – राधाक्का सुनेच्या हातचं ताट सरकवते, मीठ जास्त म्हणते.
काडीवर बघितलं तर तस्सं. ताट सरकवलं, मीठ जास्त.
खूप हसले. पण सासवा मालिकेत दुसरं काय करणार म्हणा. मी मालिकाच लिहायला हव्या होत्या, उगाच साड्यांना फॉल लावत बसले.

१२ मार्च, बुध.
भाग १३९. हसू आलं नाही.
वहीत : राधाक्काची शेळी हरवते. नाव चिंगी.
चिंगी आमची शेळी होती. त्याच आठवड्यात मेली होती, म्हणून तोंडात आलं. मालिकेत मोठा बंगला, सोफे, काचेचं झुंबर. तिथे शेळी कोण पाळणार? पण आठव्या मिनिटाला संगीत थांबलं. या मालिकांत कुणी जांभई दिली तरी ढोल वाजतो, आणि इथे नुसती शांतता, कुठेतरी पंखा फिरल्यासारखी. राधाक्का मागच्या दारात उभी राहून हाका मारत होती. "चिंगी, ये ये चिंगी." मध्येच जीभ टाळूला लावून टक टक. आम्ही करायचो तशीच.
आत्याबाई म्हणाल्या, "आपल्या चिंगीला बलावती ती."
मी "हो" म्हणाले. उरलेला भाग नीट ऐकलाच नाही.

१४ मार्च, शुक्र. धुळवड.
शीतलला फोन केला. तिने तिकडे मोबाईलवर १३९ लावून बघितला. "शेळीबिळी काही नाही. दोघी जावा हारावरून भांडतायत. आई, झोप होते ना तुझी?"
मग ह्यांना हाताला धरून बसवलं, म्हटलं डोळ्याने बघा. परत तोच भाग लावला. पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. आठव्याला राधाक्का मागच्या दारात आली.
साक्षीदार मिळाले ते असे, एक झोपलेला आणि एक आंधळी.

१७ मार्च, सोम.
आज दोन ठिकाणी. दोन्ही वहीप्रमाणे. शब्दसुद्धा.
लग्नसराईचे नऊ ब्लाऊज पडलेत. हात चालत नाही.

२० मार्च, गुरु.
एकही ला.गे. चुकत नाही. संगीत थांबतं, तो पंख्यासारखा आवाज सुरू होतो, की मला कळतं, आलं माझं.
पेन ड्राइव्हमध्ये भोकं होती, पण ती आपल्या घरची भोकं होती. तिथे काय घालायचं ते माझ्या हातात होतं. ही काडी म्हणजे सलग, कुठे खंड नाही, लाईट जाण्याची भानगड नाही. कुणीतरी बसून एकेका भोकाला ठिगळ लावलंय आणि कापड माझंच वापरलंय.
आज वहीची पुढची पानं उलटली. कुठल्या पानावर थांबायचं ते हाताला आधीच माहीत होतं. भाग २१४. ला.गे. ७.३६ ते ७.५२. पुढे एकच शब्द : फोन.
रोज चार भाग. महिनाअखेरीला येईल.

२४ मार्च, सोम.
आज लिहितेच. आठ वर्षं कुठे लिहिलं नाही.
भास्करभावजी, ह्यांचे धाकटे भाऊ. बारा वर्षांपूर्वी घरातून गेले. पिऊन आले की भांडी अंगणात फेकायचे. मी शीतलला घेऊन आतून कडी लावून बसायचे. जाताना ह्यांच्या अंगावर कुऱ्हाडीचा दांडा उगारून गेले. आत्याबाई रडल्या. मी नाही रडले. मला त्या दिवसापासून झोप लागायला लागली.

चार वर्षांनी, शीतलचं लग्न ठरून सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी, दुपारी फोन वाजला. "वैनी, मी भास्कर. दारू सोडली मी. आईला भेटाया येतो. दे आईला."
आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सुपाचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हणाले, "भावजी, आत्याबाई गेल्या. तेरावासुद्धा झाला. आता कुणासाठी येता?"
मग "बरं" म्हणाले. पुन्हा कधी फोन आला नाही.
जित्या माणसाचा तेरावा घातला मी. आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसून तूर निवडली.

२५ मार्च, मंगळ.
कालचं अर्धंच लिहिलं.
त्यानंतर दोन महिन्यांनी २१४ ला लाईट गेली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, मधी काय झालं? तेव्हा त्यांना दिसत होतं, म्हणून मी मशीनवर बसले आणि तोंड भिंतीकडे ठेवलं. म्हटलं, धाकट्या लेकाचा फोन येतो. थोरली सून उचलते आणि सांगते, तुझी आई मेली, येऊ नको. मला वाटलं, मालिकेच्या तोंडून का होईना, एकदा सांगितलं की हलकं वाटेल.
त्या सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. मग म्हणाल्या, "मंग ती म्हातारी जिती का मेली? तिला कुनी सांगितलं का न्हाई?"
मी म्हटलं, पुढच्या भागात कळेल. पुढच्या भागात अर्थातच काही नव्हतं. त्यांनीही परत विचारलं नाही.

हे लिहिताना आज पहिल्यांदाच ध्यानात आलं. हाक मारली की "जिती हाय गं" म्हणायला त्यांनी त्याच आठवड्यात सुरुवात केली. आठ वर्षं मी त्यावर हसतेय. शीतलच्या सासरच्यांना कौतुकाने सांगितलंय.

२७ मार्च, गुरु.
ह्यांना विचारलं, "भास्करभावजींची कधी आठवण येते का?"
ताटातून मान वर न काढता म्हणाले, "कोन?"
मी भाकरी वाढली.

३० मार्च, रवि. पाडवा.
गुढी उभारली. आत्याबाईंनी कडुलिंब खाल्ला, तोंड वाकडं केलं नाही. दुपारी २१२ पर्यंत झालं. त्या भाग मोजतात हे मला आज कळलं. उठताना म्हणाल्या, "उद्या तेरा, चौदा."

३१ मार्च, सोम.
२१३ नंतर गुपचूप २१५ लावला. शीर्षकाचं गाणं वाजलं, दोन वाक्यं झाली असतील.
"चौदा ऱ्हायला गं."
"तो बिघडलाय, आत्याबाई. लागत नाही."
"बरं," म्हणाल्या. अगदी भावजींसारखं. मी टीव्ही बंद केला.

१ एप्रिल, मंगळ.
नेट गेलं म्हणून सांगितलं. पण दोन वाजता भिंत चाचपत आल्या, आपल्या जागी बसल्या, तोंड बंद टीव्हीकडे. चार वाजेपर्यंत बसल्या. मी मशीनवर होते. सुई दोनदा बोटात गेली.
मला भीती वाटतेय. टीव्हीची की त्यांची, सांगता येत नाही.

२ एप्रिल, बुध.
आजही तसंच. उठताना आत्याबाईंनी विचारलं, "कावून लपवती गं? म्हातारीला काय कळतंय." मग म्हणाल्या, "मागं नारायणगडाला गेलते तवा देवाला तेच मागितलं मी. मरायच्या आधी मधलं कळू दे म्हनलं."
मी आत जाऊन पाणी प्यायले.
उद्या लावते. त्या तुकड्यात काय येईल ते येऊ दे. नाहीतर तिथे पोचायच्या आधी मेन स्विच आहेच, माझ्या हाताला लागतो.

३ एप्रिल, गुरु.
हे शेतात गेले. दोन वाजता २१४ लावला. मी टीव्हीकडे पाठ करून मेन स्विचच्या खाली उभी राहिले. पुढचं दार हवेला उघडं होतं.
सहाव्या मिनिटाला संगीत थांबलं.
बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. बंगला नव्हता, राधाक्का नव्हती. एक भिंत, खुंटीला मोजपट्टी लटकलेली, स्टुलावर फोन. ती मोजपट्टी माझी आहे, टोकाला मी लाल दोरा बांधलाय. माणूस कुणी नाही. बाहेर कुठेतरी सूप पाखडल्याचा आवाज. आणि फोन वाजायला लागला.
आत्याबाईंनी मान थोडी तिरकी केली, सुपाच्या दिशेने.
तिसऱ्या घंटेला मी मेन स्विच खाली ओढला.
टीव्ही काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. सूप मात्र त्यानंतरही दोनदा वाजलं. मग पुरुषाचा आवाज आला, हळू, थकलेला. "वैनी?"
टीव्ही बंद होता. दार उघडं होतं. मी दारात जाऊन बघितलं नाही. माझ्याने बघवलं नाही.

"लाईट गेली व्हय गं?" आत्याबाईंनी विचारलं.
"हो."
"मंग सांग की. मधी काय झालं?"
पूर्वी विचारायच्या तशाच. राग नाही, काही नाही. जागेवरून थोडं सरकून माझ्यासाठी जागाही केली.
मी म्हणाले, "आत्याबाई."
आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा हाक मारली.
"जिती का मेली," त्या म्हणाल्या, "ते आता तूच सांग."

साडेतीन झालेत. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून हे लिहितेय. पेनाचा आवाज थांबला की त्या माझ्याकडे तोंड वळवतात. दार तसंच उघडं आहे आणि उंबऱ्यापर्यंत ऊन आलंय. त्या उन्हात मध्येच सावली पडल्यासारखी वाटते. मेन स्विच खालीच आहे. वही मिटते.