तिरका खिसा

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. माझाही हात बरा आहे. फिट आली तेव्हा इस्त्री हातात होती म्हणून भाजलं. पण दुकानातल्या मास्तरांनी तेव्हापासून मला मशीनपासूनही लांब ठेवलंय. दिवसभर हाताने काजं करते. गिऱ्हाईक खूश आणि मास्तर हैराण, कारण एक टाका तिरका गेला की मी सगळं उसवते.

आता मुख्य गोष्ट. मेंदूचा एमआरआय झाला. डाव्या कानशिलाच्या आतला एक लहानसा भाग आक्रसलाय, फिट तिथूनच सुरू होतात. गोळ्या लागू पडत नाहीत, तर तेवढा भाग काढून टाकू, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. महिनाअखेर होय की नाही ते सांगायचंय. मी विचारलं, माझा स्वभाव बदलेल का. त्या म्हणाल्या, फारसा नाही, पण हमी देता येणार नाही. काहींच्या मते म्हणे अशा फिट येणारी माणसं बारीकसारीक गोष्टींना चिकटून बसतात, लांबलचक लिहितात. एकेका माणसाचं मात्र तसं सांगता येत नाही.

दादा, हे तर माझंच वर्णन. मग यातली मी किती आणि आजार किती? चिकटपणा काढून टाकला तर मागे काय उरेल? पहिली फिट आली तेव्हा मी दुसरीत होते. त्याआधी मी कशी होते, हे आईने सांगितलं असतं. आता फक्त तूच आहेस. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

पत्र लांबलं. लोभही तेवढाच लांब असू दे.

तुझी,
मुंगी

१९ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पाव भट्टीत टाकून तुझं पत्र वाचायला घेतलं आणि सगळे पाव करपले. तुझी वहिनी म्हणते, तिला म्हणावं छोटी पत्रं लिही.

खरं सांगतो. फिट यायला लागल्यावर तू गप्प झालीस. आधी खदाखदा हसायचीस, ते कमी झालं. ते आजारामुळे, की आम्ही सगळे सारखे तुझ्यावर लक्ष ठेवून असायचो त्यामुळे, मला ठाऊक नाही.

पण चिकटपणा? तू पाच वर्षांची होतीस. आईने माझ्या निळ्या शर्टाला लावलेला खिसा जरासा तिरका बसला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तू कात्री घेऊन पलंगाखाली शिरलीस आणि तो अर्धा उसवलास. मी लोंबता खिसा घेऊन शाळेत गेलो. तेव्हा फिटचं नावही घरात नव्हतं. तो तुझा स्वतःचा, अस्सल त्रास होता.

ऑपरेशन कर किंवा नको, हे मी सांगणार नाही. मलाही भीती वाटते. पण तू शुद्धीवर येशील तेव्हा मी उशाशी असेन. ओळख मी करून देईन: मी दादा, आणि तू माझा खिसा उसवलायस.

लोभ आहे, काळजी त्याहून जास्त.

दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. ऑपरेशननंतर अजून फिट आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्यात हुरळून जाऊ नका. कधीकधी शब्द सापडत नाहीत. काल ‘कात्री’ म्हणायला फार वेळ लागला, तेव्हा रडले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी होकार कळवला होता. त्या पत्रात चूक होती. दुरुस्त करायला हात शिवशिवत होते, पण मुद्दाम थांबले. ठरवलं, ऑपरेशननंतर ती आठवली, आणि सांगितल्याशिवाय चैन पडलं नाही, तर मी मीच आहे. तू उशाशी होतास तेव्हाच सांगणार होते, पण शब्द येईनात, आणि तूही सारखा डोळे पुसत होतास.

तर आता सांगते. शर्ट निळा नव्हता, पिवळा होता. आणि मी पलंगाखाली नव्हते, कपाटामागे होते. पलंगाखाली मांजर होतं.

लोभ होता तसाच ठेव.

तुझी,
मुंगी

९ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र भट्टीपाशी उभ्यानेच वाचलं. तुझ्या वहिनीने विचारलं, डोळ्यांत काय गेलं. म्हटलं, पीठ.

मांजराचं मी साफ विसरलो होतो. पण शर्ट निळाच होता. लवकर बरी हो आणि भांडायला ये.

दादा